डबीला लागलेली सवय

“आ कर. जीभ वर. डावा गाल. आता उजवा.”

सकाळी आठपासून मी हे चार हुकूम सोडत असते. माझ्या हुद्द्याचं नाव औषधसाक्षी. समोरच्या माणसानं औषध खरोखर गिळलं की गालात दाबून ठेवलं, हे डोळ्यांनी बघायचं आणि मग सही करायची. कोल्हापुरातल्या आमच्या पेठेत लोक मला मागून ‘घशाची फौजदारीण’ म्हणतात. म्हणोत. यांच्याच आईबापांनी ही पाळी आणली आहे. शिंक आली की अँटिबायोटिक, दोन दिवसांत बरं वाटलं की कोर्स बंद, उरलेल्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात आणि पुढच्या महिन्यात त्याच गोळ्या शेजारणीच्या लेकीला. जंतूंना घरोघर अशी फुकटची तालीम मिळाली. आता निम्म्या औषधांना ते जुमानत नाहीत, आणि जी दोन-चार उरली आहेत ती साक्षीदाराशिवाय कुणाला मिळत नाहीत.

त्यातलं सगळ्यात जालीम म्हणजे एकोणीस नंबर. खरं नाव लांबलचक आहे, डॉक्टरसुद्धा एकोणीसच म्हणतात. जंतूला ते मारतं यात शंका नाही, पण त्याला एक वाईट खोड आहे. रक्तात जास्त झालं की ते स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या शिरा कुरतडतं. सगळ्यात आधी टाचेच्या मागची, जिच्या जोरावर माणूस उभा राहतो ती. शिवाय झोप उडवतं, जीव थाऱ्यावर ठेवत नाही. पूर्वी एकोणीस घेणाऱ्याला महिनाभर जिनासुद्धा चढू द्यायचे नाहीत. मग टिकली आली.

टिकली म्हणजे दंडावर चिकटवायचा नखाएवढा तुकडा. कातडीखालच्या पाण्यातून ती दोन आकडे वाचते: औषध किती आहे, आणि शिरेच्या धाग्यांचे तुकडे किती सुटलेत. तिची जोडीदार म्हणजे डबी. दर सकाळी डबी ते आकडे बघते आणि त्या माणसाला त्या दिवशी लागेल तेवढंच औषध कॅप्सुलमध्ये भरून देते. कमी पडलं तर उद्या थोडं जास्त, जास्त झालं तर उद्या थोडं कमी. डबीवरचा दिवा हिरवा असेल तर माणसानं कामाला जावं, धावावं, कुस्तीसुद्धा खेळावी. पिवळा झाला तर डबी सावध करते, पण निर्णय रुग्णाचा. तांबडा झाला की औषध बंद. पहिल्या डब्या बारीकसारीक फरकालाही बोंबलायच्या, तेव्हा लोक वैतागून टिकल्या उपटून टाकायचे. म्हणून नव्या डबीला शांत स्वभाव दिलाय. ती एका दिवसाच्या आकड्यावर जात नाही, तीन दिवसांची सरासरी धरते. शांत स्वभावाची माणसं मला कधीच फारशी पटली नाहीत, पण डबीवर मी विश्वास टाकला.

कारण यावेळी समोर ‘आ’ करून बसली होती ती माझी भाची, शर्वाणी.

शरू माझ्या भावाची मुलगी. भाऊ-भावजय आजऱ्याला असतात. ही तीन वर्षांपूर्वी कुस्तीसाठी माझ्याकडे राहायला आली, आणि माझ्या एकटीच्या घरात एका माणसाच्या जागी चार माणसांचं जेवण शिजायला लागलं. वय वीस, वजन अडुसष्ट किलो, आवाज साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा. पहाटे पाचला हिंदूराव वस्तादांच्या तालमीत जायची, आठला परत. महिन्यापूर्वी तालमीच्या मातीतून तिच्या मांडीत जंतू शिरला आणि लिंबाएवढं गळू झालं. साध्या औषधांनी हटेना, तेव्हा एकवीस दिवसांचा एकोणीस नंबर लागला. नात्यातल्या माणसाची साक्ष घ्यायची नाही असा नियम आहे. आमच्या केंद्राच्या डॉक्टर मुल्ला म्हणाल्या, “कुमुदताई, तुमच्याइतकं कडक कोण बघणार आहे?” मी फुशारले.

जखम आठवड्यात भरली. नमुना स्वच्छ आला. दिवा हिरवा होता. चौदाव्या दिवशी, रविवारी, राज्य संघाची निवड होती, आणि डॉक्टरांनी तिला खेळायची परवानगी दिली.

एकच गोष्ट मला टोचत होती. पहिल्या दिवशी डबीनं चारशेची मात्रा भरली होती. नवव्या दिवशी ती नऊशेवर गेली आणि रक्तातला आकडा मात्र जेमतेम जागेवर. डॉक्टर म्हणाल्या, पैलवानाचं शरीर आहे, औषध लवकर जिरवत असेल. मला ते काही पटलं नाही. म्हणून त्या बुधवारी मी सकाळी सातलाच घरातून निघाले आणि तालमीपाशी गेले.

तालमीच्या कोपऱ्यावर दूधकट्टा आहे. गवळी म्हशी तिथंच आणून बांधतात, समोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला गिऱ्हाइकाच्या हातात देतात. बाहेरगावच्या माणसाला हा प्रकार सांगून खरा वाटत नाही. कट्ट्यावर वस्ताद मांडी घालून बसले होते, शेजारी माझी भाची, आणि तिच्या हातात लिटरभराचा तांब्या. ओठांवर फेसाची मिशी होती.

“वस्ताद, हे काय?”

“दूध हाय,” हिंदूराव म्हणाले. “तुमच्या घरात बघाय मिळत न्हाई म्हणून वळखू आलं न्हाई व्हय?”

“एकोणीस चालू असताना दूध?”

“म्हणून तर. उष्ण औषध हाय ते. नुसत्या भाकरीवर पोरीची आतडी जळून जात्याल. आमच्यात कुठलंबी कडक औषध दुधाबरूबरच देत्यात. चाळीस वर्सं पैलवान सांभाळलेत मी, कुमुदताई.”

“आणि तू?” मी शरूकडे वळले. “तुला मी काय सांगितलं होतं?”

“घरात दूध-ताक प्यायचं न्हाई म्हणालीस. मी घरात कुठं पिलो?” कोल्हापूरच्या पोरी ‘आलो-गेलो’च म्हणतात, त्यात नवल नाही. नवल तिच्या निर्लज्जपणाचं होतं. “आणि तू तोंड बघत होतीस आत्त्या. पोटाचं कुठं विचारलंस?”

गवळी हसला. मग माझा तोल गेला. म्हशी, गवळी, चार पैलवान, सगळ्यांच्या देखत मी वस्तादांचा तास घेतला. दुधातलं कॅल्शियम या औषधाची आतड्यातच पकड घेतं, असं मी सांगितलं. ती पकड सुटत नाही. औषध रक्तात जातच नाही, तसंच खालून निघून जातं. म्हणून आमच्या कागदावर ठळक लिहिलेलं असतं की दूध, दही, ताक, पित्ताच्या गोळ्या आणि हे औषध यांत काही तासांचं अंतर ठेवा.

वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. “मंग दिवा हिरवा कसा?” त्यांनी विचारलं.

“डबी भरून काढते म्हणून! दुधात निम्मं वाया जातंय आणि ती बिचारी रोज मात्रा वाढवतेय. दुपटीच्या वर गेलीय मात्रा. एखाद्या दिवशी दूध कमी-जास्त झालं तर केवढ्याला पडेल?”

हे वाक्य मी स्वतः बोलले. माझ्या तोंडून, भर कट्ट्यावर. ते अजून माझ्या कानात आहे.

वस्ताद उठले. रागावले नव्हते, उलट चेहरा उतरला होता. त्यांनी शरूच्या हातातला तांब्या घेतला आणि दूध परत गवळ्याच्या चरवीत ओतलं. “उद्यापास्नं दूध बंद,” ते म्हणाले. “ताक बंद, लोणी बंद.” शरूला मी दहा वेळा सांगितलं तर ती एकदा ऐकते. वस्तादांनी सांगितलेलं तिच्या दृष्टीनं दगडावरची रेघ.

मी विजयी मुद्रेनं घरी आले. डबीच्या पाठीला एक बटण असतं, ‘सवय पुसा’. रुग्णाच्या खाण्यापिण्यात काही बदल झाला की साक्षीनं ते दाबायचं, म्हणजे डबी मागचं सगळं विसरते आणि पुन्हा चारशेपासून मोजायला लागते. हे बटण कधी दाबायचं ते नव्या साक्षींना मीच शिकवते. त्या दिवशी मी ते दाबलं नाही. विसरले म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर मला इतका राग आला होता आणि तो काढून इतकं बरं वाटलं होतं, की काम झालं असंच मी धरून चालले.

गुरुवारी डबीनं नऊशे भरले. आ कर, जीभ वर, डावा, उजवा. सही. शुक्रवारी पुन्हा नऊशे. सही.

शुक्रवारी पहाटे उठले तर स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली आणि शरू फळ्या पुसतेय.

“काय करालीस?”

“झोप येईना. म्हटलं पुसून काढावं.” पुसलेली फळी तिनं पुन्हा पुसली. “हातपाय शिवशिवालेत आत्त्या. आत कायतरी पळाल्यागत वाटतंय.”

“निवड आहे ना परवा. धास्ती असते.”

“मला कवा धास्ती असती?”

हे खरं होतं. पण मी चहा टाकला आणि विषय बदलला. दिवसभर ती घरात फिरत राहिली. खुर्चीत बसायची, उठायची, गॅलरीत जायची, परत यायची. टीव्ही लावून बंद करायची. तिला बघून माझेही पाय स्थिर राहीनात, मीही उगाच या खोलीतून त्या खोलीत जायला लागले. दोघी एकमेकींना दारात आडव्या येत होतो.

शनिवारी डबीनं साडेआठशे भरले. शरूनं गिळलं, तोंड दाखवलं, मी सही केली. मग ती माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढली आणि उतरताना एक पाय जमिनीला लागला तशी थबकली. खाली वाकून तिनं उजवी टाच धरली.

“काय झालं?”

“काय न्हाई. कालपास्नं जरा दुखतीया.”

मी डबी हातात घेतली. दिवा पिवळा होता. नुकताच झाला असावा, कारण गिळताना हिरवा मी स्वतः पाहिला होता. शिरेचा आकडा वर चालला होता. मग मी सरासरी सोडून एकेका दिवसाचे आकडे उघडले. बुधवारी औषध जेवढं हवं तेवढं होतं. गुरुवारी दीडपट, शुक्रवारी दुपटीच्या वर. डबी मात्र तीन दिवसांची बेरीज-भागाकार करत शांत बसली होती, आणि दुधासाठी वाढवलेली मात्रा दूध नसलेल्या पोटात ओतत होती. तिला दुधाची सवय लागली होती, आणि ते तिला सांगायचं काम माझं होतं.

मी स्टुलावरच बसले.

“शरू, उद्या तू खेळायचं नाहीस.”

ती हसली. मग माझा चेहरा बघून हसायची थांबली. मी तिला सगळं सांगितलं, बटणासकट. काहीही लपवलं नाही.

“पिवळा हाय न्हवं?” ती म्हणाली. “तांबडा न्हाई. पिवळ्याला निर्णय माझा. तूच सगळ्यास्नी सांगतीस.”

“सोमवारी तांबडा होईल. दिवा सरासरीवर, मागून चालतोय.”

“मंग सोमवारी थांबतो की. हितनं फुडं औषध न्हाई घेत. उद्या एक दिवस, तीन कुस्त्या.”

“औषध थांबवलं तरी जे रक्तात आहे ते दोन दिवस कुरतडत राहणार. तुझ्या वजनाची पोरगी उचलताना सगळा भार टाचेवर येतो. शीर तुटली तर ती जोडता येते, पण त्या पायावर परत कुस्ती होत नाही.”

“तुटंलच असं हाय?”

“नाही.”

“मंग?”

मी डॉक्टर मुल्लांना फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे तिलाही ऐकू जावं. त्यांनी आधी सगळे आकडे विचारून घेतले. “औषध आत्ता बंद करा,” त्या म्हणाल्या. “दुसरं सुरू करू. कुस्तीचं म्हणाल तर पिवळ्यावर मी तिला सल्ला देऊ शकते, अडवू शकत नाही. शर्वाणी, ऐकतेस ना? माझा सल्ला नको असा आहे.” मग हळू आवाजात म्हणाल्या, “कुमुदताई, अडवायची एकच वाट आहे. ती तुम्हाला माहीत आहे. पण विचार करा.”

वाट मला माहीत होती. डबीच्या पडद्यावर साक्षीसाठी एक ओळ असते: ‘मात्रा साक्षीच्या चुकीने वाढली’. तिच्यापुढे अंगठा ठेवला की रुग्णाचं आरोग्यपत्र सहा आठवड्यांसाठी बंद होतं, कुठल्याही मैदानावर त्याला उतरू देत नाहीत. आणि साक्षीवर चौकशी बसते. एकदा उमटलेला अंगठा परत घेता येत नाही. एकवीस वर्षांत मी तो कुणाला ठेवताना पाहिलं नव्हतं. चुका होत नव्हत्या असं नाही.

शरूला काय चाललंय ते कळलं. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले. तिच्या पकडीतून हात सोडवणं मला शक्य नव्हतं.

“आत्त्या, पुढच्या निवडीला दोन वर्सं हाईत. मी सात वर्सं माती खाल्ली ह्याच्यासाठी. तुझी नोकरी बी जाईल. कुणाचंच भलं न्हाई ह्यात.”

“टाच राहील.”

“माझी टाच हाय ती.”

“चूक माझी आहे.”

“मंग तुझ्या चुकीची शिक्षा मला का?”

मला फक्त स्टुलावरून उतरताना थबकलेला तो पाय दिसत होता. ती रडायला लागली, तेव्हा डोळे पुसण्यासाठी तिनं माझा एक हात सोडला. मी त्या हाताचा अंगठा पडद्यावर ठेवला.

डबीनं कसलाही आवाज केला नाही. शरूनं पडद्यावरची ओळ वाचली आणि दुसरा हातही सोडला. बॅग भरलेलीच होती. ती उचलून निघाली आणि दारात थांबली.

“तू साक्षी म्हणून केलंस का आत्त्या म्हणून?” तिनं विचारलं, आणि उत्तराला न थांबता जिना उतरून गेली. उजवा पाय जरा जपून टाकत होती.

ती तालमीच्या मुलींच्या खोलीत राहायला गेली. मला सोमवारी घरी बसवलं. टाचेचा फोटो काढला तेव्हा त्यात सूज दिसली, बाकी काही नाही. मी डॉक्टरांना विचारलं, खेळली असती तर तुटली असती का? त्या म्हणाल्या, “तुटली असती किंवा नसती. जे घडलं नाही त्याचा फोटो निघत नाही.” आजऱ्याहून भावाचा फोन आला. तो काही वाईट बोलला नाही, पण ‘ताई’ म्हणाला नाही.

सकाळी आठ वाजले की मला घरात राहवेना. कुणाचं तोंड बघायचं नव्हतं, कुठं सही करायची नव्हती. मी भांडी घासून परत घासायची. शरूला नवीन औषध लागलं होतं, शिरेला न छळणारं पण बेताच्या ताकदीचं, बारा दिवस एकही खाडा न करता घ्यायचं. खाडा झाला तर मांडीतला जंतू परत उठणार, आणि यावेळी एकोणीससुद्धा देता येणार नव्हता. गुरुवारी केंद्रातून निरोप आला की तुमची भाची बुधवारी आली नाही, आजही आली नाही. नव्या साक्षीबाई तालमीत गेल्या तर तिनं तोंड उघडलं नाही म्हणे.

चौकशी चालू असताना रुग्णाला भेटायचं नाही, अशी मला नोटीस होती. मी चप्पल घातली, काढली, परत घातली. दहा पायऱ्या उतरून परत वर आले. वस्तादांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, “मी बोललोय तिच्याशी. आता तिचं ती बघंल.”

शुक्रवारी सकाळी आठला दार वाजलं. बाहेर शरू उभी होती, हातात डबी. मागे नव्या साक्षीबाई, जिना चढून दमलेल्या आणि वैतागलेल्या.

“ही म्हणते, तुमच्यासमोरच घेणार,” त्या म्हणाल्या. “मला पुढं अजून तीस घरं आहेत.”

शरू आत येऊन तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली. माझ्याकडे बघितलं नाही.

“सहाला दोन भाकरी आणि पिठलं खाल्लंय,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “दूध न्हाई, ताक न्हाई. वस्तादांच्या घरनं लोणी आलतं, ते बी बाजूला ठेवलो. दोन दिवस औषध न्हाई घेतलं, ते माझं चुकलं.”

मी तिला यातलं काही विचारलं नव्हतं.

“माझी सही चालत नाही आता,” मी म्हटलं.

“सही त्या करत्यात. बघायचं तू.”

साक्षीबाईंनी डबी उघडून दिली. शरूनं कॅप्सूल तळहातावर घेतली आणि तशीच धरून बसली.

“तुटली असती का गं?”

“माहीत नाही, शरू.”

तिनं मान हलवली, दुसरं उत्तर अपेक्षित नसल्यासारखी. पाणी घेतलं, गिळलं. मग मी काही म्हणायच्या आत तिनं स्वतःच तोंड उघडलं. जीभ वर केली. डावा गाल बोटानं ओढून दाखवला, मग उजवा. मी वाकले, पण माझे डोळे इतके भरून आले होते की मला समोरचं काही म्हणता काही दिसेना.

साक्षीबाईंनी घड्याळ बघितलं. “झालं ना?”

“नाही,” मी म्हटलं. पदरानं डोळे पुसले आणि खुर्ची पुढं ओढली. “परत. आ कर.”